घरघर

त्या रात्री आन्सेल्मोच्या गळ्यातून जो आवाज आला
तो मी आजवर फक्त जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडून ऐकला होता.
आन्सेल्मो नऊ वर्षांचा.
चुलीवर बटाटे उकळत होते.
त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं,
बघितलेलं लगेच विसरले, पुन्हा बघितलं.
चार मिनिटं. किंवा सहा.
पुढे जो तो हेच विचारणार होता.

केयोनच्या दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर म्हणाला,
बाई, स्वमग्न मुलं हलवतात असे हातपाय.
हलवतात, ठाऊक आहे मला.
आनंद झाला की ओले हात झटकावेत तशी तो बोटं झटकतो,
भूक लागली की डावा कान चोळतो,
कुत्रा भुंकला की भिंतीला पाठ लावून झुलतो.
त्याचं हलणं मला पाठ आहे.
हे त्याचं नव्हतं.
हे कुणीतरी त्याला हलवत होतं.

त्याने कागदावर लिहिलं : आई फार घाबरलेली.
म्हटलं, लिहा.
आणि त्याच्या खाली चिठ्ठीही लिहा,
प्वेर्तो मोन्तच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना.

यादीत आमचा नंबर तीनशे बारावा.
शिंपल्यांच्या कारखान्यातून रोज जेवणाच्या सुट्टीत
हातमोजा दातांनी ओढून मी फोन लावायची.
तिकडची बाई मला श्वासावरून ओळखू लागली.
सातव्या आठवड्यात म्हणाली,
एदेल्मिरा, एकाने गुरुवार सोडलाय. घेतेस?
फक्त मुलाला रात्रभर जागं ठेवून आण.

जागं ठेव! नऊ वर्षं
ज्याला झोपवता झोपवता माझे केस पिकले, त्याला.

भावाच्या गाडीत आम्ही अंधारातून निघालो.
एवारिस्तो मुद्दाम खड्ड्यांतून चालवत होता.
आन्सेल्मोकडे एकूण अकरा शब्द,
त्यांतले सात बोटींची नावं;
ती सातही त्याने कास्त्रोपर्यंत पुरवली.
पण चाकाओला गाडी फेरीवर चढली,
त्याने लोखंडी भिंतीला गाल लावला,
आत इंजिनाची घरघर,
आणि त्याचे डोळे मिटू लागले.
मी त्याला ओढलं. तोंडावर गार पाणी मारलं.
तो मनगटाला चावला.
त्याचंच बरोबर होतं.

तिथे गोंद, एकवीस तारा,
आणि सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टीसुद्धा
न सोसणारं माझं पोर.
ओन्दिना नावाची तंत्रज्ञ काही बोलली नाही.
तिने आधी माझ्या डोक्याला तारा लावल्या.
त्याने त्या मोजल्या. मग स्वतःचं डोकं पुढे केलं.

आता मात्र झोप येईना.
दिवे पांढरे, गादीवरचा कागद कुरकुरणारा,
बाहेर पुढची आई घड्याळ बघत बसलेली.
मी त्याच्या कानाशी तोंड नेलं
आणि घशातून इंजिन सुरू केलं.
अर्ध्यात कळलं, हा आवाज कुठला ते.
त्या रात्रीचाच होता.
थांबावंसं वाटलं, पण तो सैल पडू लागला होता.
थांबले नाही.

डॉक्टरीणबाईंनी रेघा दाखवल्या :
इथे, डाव्या बाजूला. झोपेतही होतं, गुपचूप.
चार मिलिलीटर सकाळी, चार रात्री.
पुन्हा झालं तर फोनवर टिपून ठेवा.
तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मी वाट बघितली थोडी.

परतताना, झोपायची मुभा मिळाल्यावर,
आन्सेल्मो टक्क जागा, कठड्याशी, नावं घेत.
लोखंडी भिंतीला टेकून मीच घोरत होते म्हणे.
केसांतला गोंद त्याने नऊ दिवस धुवू दिला नाही.

औषधाची बाटली खिडकीत असते.
उशाशी घड्याळ.
रात्री कधी घरघर ऐकू येते, मी ताडकन उठून बसते,
त्याच्या छातीवर हात ठेवते.
बोट असते.
अजूनपर्यंत बोटच.