साचा

आधी जो तो आपापल्या तऱ्हेने लिहायचा.
हेडली लोकसंख्या शेवटच्या ओळीत टाकायचा, लाजल्यासारखी.
एफी सुरुवातच करायची दफनभूमीपासून.
कुणी गावाचं नाव ठळक, कुणी तिरकं,
एकाने तर अख्खं पान लाल.
न्यूफाउंडलंडच्या उठून गेलेल्या दोनशे बारा गावांची पानं,
वादळानंतर किनाऱ्याला लागलेली फळकुटं नुसती.

मग गार्लंडने साचा केला.
दोन महिरपी कंस उघडायचे, दोन मिटायचे,
मधे गावाचं नाव.
की उजवीकडे चौकट उभी:
खाडी. उंबरे. चर्च. शेवटची बोट कधी सुटली.
एका जागी वेलांटी सुधारली
की दोनशे बारा पानांवर सुधारते.
कुणाला उठवावं लागत नाही.

मी कुरकुरले.
गावं म्हणजे काय बिस्किटं आहेत,
एका साच्यातून पाडायला?
गार्लंड होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. म्हणाला,
आजाकडे खुणा केलेल्या तीन पातळ फळ्या होत्या,
सरकवून सरकवून त्यांच्यावरून तो फासळ्या आखायचा.
चाळीस होड्या झाल्या.
त्यातली एक तरी दुसरीसारखी डुलायची का,
विचार कुणालाही.

फेब्रुवारीत ड्रुसिला हाइन्सचा निरोप आला,
नातीने टंकलेला:
आमचं घर कुठे लिहायचं?
ते मोडलं नाही, आम्ही ते नेलं.
खाली पिंपं बांधून, भरती साधून, खाडीपलीकडे.
खिडकीतलं जिरेनियमसुद्धा काढलं नव्हतं.

चौकटीत याला जागा नव्हती.
गार्लंडने रात्री एक ओळ वाढवली:
घरं कुठे गेली.
सकाळी दोनशे बारा पानांवर
एकदम एक रकाना उघडा पडलेला.

रिकामा रकाना लोकांना बघवत नाही.
मंगळवारपर्यंत आठ भरले.
"वाटेतच बुडालं. घड्याळ वाचलं."
"कोंबड्यांसाठी वापरलं."
"शाळेचं लाकूड आमच्या जिन्याला आहे,
तिसरी पायरी अजून बोलते."
एफीने नेहमीप्रमाणे कबरींबद्दल लिहिलं,
त्या तिथेच आहेत म्हणून.

मी स्किपर्स टिकलचं पान काढलं,
वडिलांचं गाव.
त्या ओळीपुढे कर्सर लुकलुकत राहिला,
आणि मला माहीत नव्हतं.

अल्बर्टातल्या काकाला फोन लावला,
एकोणीस वर्षांनी.
घर? तो म्हणाला,
थांब, आधी चष्मा शोधू दे.