दोन्हीकडून लिहिलेली वही

सात नंबरची प्रेस घसरण्याआधी दोनदा टक्क करते.
हे दुसऱ्या पाळीला माहीत होतं.
तिसऱ्या पाळीला नव्हतं.
एवढ्याच फरकात रामसुमेरची दोन बोटं गेली.

मी भांडुपला, टूलरूमच्या खिडकीत बसते.
पितळी टोकन घेते, ड्रिल देते, रीमर देते, गेज देते.
त्या रात्रीचा हातमोजा माझ्याच खिडकीवर परत आला
आणि नियमाप्रमाणे मी तो नोंदवला:
नग एक, खराब.

सकाळी घाडीगांवकर उभे राहिले, बत्तीस वर्षांचे फिटर.
म्हणाले, "बाय, तुजा अक्षर बरा आसा. लिही."
मी जुन्या रजिस्टरांची कोरी पानं काढली,
दाभणानं शिवली.

मग येऊ लागले एकेक, पाना परत करायच्या निमित्तानं.
भट्टीवरचा सेल्व्हम म्हणाला, मीटर चाळीसनं खोटं बोलतो,
फटीतून पिकल्या पपईचा रंग दिसला की माल काढायचा.
मी विचारलं, कुठली पपई, देठाकडची की बुडाकडची?
दोन दिवस विचार करून आला.
बुडाकडची, म्हणाला. आणि कापलेली.

इद्रिसला तर सांगताच येईना.
"हाथ को मालूम है, मुँह को नहीं."
खिडकी बंद करून मी त्याच्या लेथपाशी गेले.
तो करत गेला, मी लिहीत गेले:
डावा अंगठा. थांबणं. पुन्हा अंगठा.
मधेच त्यानं श्वास रोखला, तोही लिहिला.

शिर्सेकर मात्र चिडला.
सगळं कागदावर गेलं तर उद्या आपली गरज कुणाला?
माझ्या डोक्यात आहे तोच माझा फंड.
चुकीचं नव्हतं त्याचं. कुणी उत्तर दिलं नाही.
शेजारी रामसुमेर डबा उघडत होता.
झाकण घट्ट होतं. बराच वेळ घट्टच होतं.
शेवटी शिर्सेकरनंच उघडून दिलं,
आणि जेवण झाल्यावर खिडकीशी येऊन
ग्राइंडरबद्दल चार ओळी सांगितल्या, माझ्याकडे न बघता.

पण त्याच्यामुळेच ठरलं, वही दोन्हीकडून लिहायची.
पुढून यंत्रांचं.
उलटी धरली की आपलं:
ओव्हरटाइमचा दुप्पट दर कशावर मोजतात,
कंत्राटदार कुठल्या तारखेला हजेरी खोडतो,
सोमवारी आंबलेल्या कूलंटनं हात फुटले
तर डॉक्टरकडून नेमकं काय लिहून घ्यायचं,
आणि स्टॉपवॉचवाला मागे उभा असला की
पाना एकदा खाली ठेवून परत उचलायचा.

पुढची बाजू साहेबांपर्यंत पोचली.
लॅमिनेट होऊन भिंतीवर लागली.
खाली सही प्रॉडक्शन मॅनेजरची.
आम्हाला एकेक स्टीलचा डबा मिळाला.

मागची बाजू हातानं उतरत गेली,
कांजूरला, विक्रोळीला, साकीनाक्याच्या एका गाळ्यात,
जिथे सहा जण राबतात आणि पाळी असा शब्दच नाही.
तिथून चिठ्ठी आली, पेन्सिलीनं:
ओव्हरटाइम म्हणजे नक्की किती वाजल्यापासून?
ती आम्ही वहीत चिकटवली.
उत्तर लिहायला तीन रविवार लागले.

घाडीगांवकर गावी गेले. त्यांच्या जागी कुणी भरलं नाही.

काल सुखदेव पावरा आला, नंदुरबारचा,
कंत्राटावर, सातवा महिना.
टोकन ठेवलं नाही, तसाच उभा राहिला.
"ताई, वहीत चूक आहे.
लायनिंग बदलल्यापासून सात नंबर दोनदा नाही वाजत.
एकदाच वाजते."

मी 'दोनदा' खोडलं, 'एकदाच' लिहिलं,
समोर तारीख आणि त्याचं नाव.
मग शॉपमध्ये गेले.
लॅमिनेटवर पेन चालत नाही.
बाजूच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, हातभर मोठं.

तिसरी पाळी यायला दहा मिनिटं होती.