मुदतवाढ

आमच्या फँटसी लीगचे नियम मी लिहिले,
कारण टायपिंग मला येतं आणि दुकान माझं आहे:
नेहरूनगर, कुर्ला पूर्व. झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार.
बरंचसं भाडेकरारातूनच उचललं.
म्हणून आमच्या फुटबॉलात
'लिहून देणार' आहे, 'लिहून घेणार' आहे,
आणि स्ट्रायकरलासुद्धा दहा टक्के वाढ.

कलम चार. करार तीन मोसमांचा.
कलम पाच. मुदतवाढ एकदाच, एका मोसमाची,
मूळ बोलीवर दहा टक्के चढवून,
एकतीस जुलै, रात्री बाराच्या आत, लेखी.
तोंडी धरणार नाही.
(हे ब्लेझ किणीसाठी. तो सगळं तोंडीच करतो.
लग्नही तसंच ठरवलं होतं.)

कलम सहा मुश्ताक परकारने घालायला लावलं:
जखमी खेळाडूही जागा अडवतो.
त्याच्या चुलत्याचा भाडेकरू
सतरा वर्षं हलला नव्हता, ते आहे त्यामागे.

एकतीस जुलै, अकरा बावन्न.
अर्ध्या शटरखालून वाकून उज्ज्वला खारकर आत आली,
ड्यूटीचे बूट, स्पिरिटचा वास.
"गोलकीपर. वाढव."

सदतीस वर्षांचा गोलकीपर.
फेब्रुवारीत गुडघ्याचा लिगामेंट गेला.
त्याच्या खऱ्या क्लबनेसुद्धा
ठेवतो की सोडतो, अजून कळवलेलं नाही.

मुश्ताक स्पीकरवर: अगं, अकरा कोटी जातील.
खोटे, पण जातील.
मीही म्हटलं, त्याच पैशांत दोन येतील,
आपल्या पायांवर उभे.
ती म्हणाली, "कलम दाखव. कुठलं कलम नाही म्हणतंय?"

पाहिलं. कुठलंच नाही.
उशीर, उधारी, संगनमत, चोरटी अदलाबदल,
सगळी बिळं बुजवली होती मी.
कोणी डोळ्यांदेखत
नुकसान मागून घेईल, हे सुचलंच नव्हतं.

टाइप केलं: राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दबावाला बळी न पडता.
'अक्कलहुशारीने'ला ती हसली.
का, ते मी विचारलं नाही.
राजावाडीत हाडांच्या वॉर्डात असते, एवढं माहीत आहे.

प्रिंटर कुरकुरला. कागद गरम आला.
तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात व्हायचे होते.
कुठल्यातरी गावात तो माणूस
गुडघ्यावर बर्फ धरून
फोनकडे बघत बसला असेल,
आणि त्याला कोण सांगणार
की कुर्ल्यात त्याचं एक वर्ष झालं म्हणून.

'लिहून देणार'खाली खेळाडूची सही नसतेच.
तिथे आम्ही आडवी रेघ मारतो.
त्या रात्री मारली नाही.
जागा कोरी ठेवली,
खाली साक्षीदार म्हणून सही केली, वेळ घातली,
अकरा अठ्ठावन्न.

"एक झेरॉक्स दे," ती म्हणाली.
मी दोन काढल्या.