पान एकसष्ट

दर तिसऱ्या गुरुवारी, दहा चाळीसला,
चॅपलच्या भिंतीलगत उभी राहते
ॲलनडेलची फिरती लायब्ररी.
थांबा वीस मिनिटांचा.
वीस मिनिटांत माणसानं काय निवडावं?
मला एक साडी घ्यायला दोन दुपारी लागायच्या.

कीथ गाडी चालवतो, शिक्काही तोच मारतो.
"घाई नाही, पेट," म्हणतो.
इकडे सगळ्यांनाच पेट म्हणतात, लाडानं.
पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं
हा मला पेटायला सांगतोय,
आणि ओल्या लाकडासारखी मी नुसती धुमसायचे.

तीस वर्षं न्यूकासलच्या इस्पितळात
सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या.
दिवसाला चाळीस काचा.
वाचायचेही तशीच, पानं मागे टाकत,
शेवटचं आलं की हात पुढच्या काचेकडे.
काय वाचलंस, कुणी विचारलं तर:
काही दोष आढळला नाही.

भाचा राहतो रेडिंगला.
गावाचं स्पेलिंग वाचनाचं, उच्चार भलताच.
डिसेंबर-जूनला हिशोब धाडतो:
सव्वीस झाली, मावशी. तुझी किती?
मी कळवते: सुरू आहे.
सुरू आहे ते एकच. फेब्रुवारीपासून तेच.

जाडजूड कादंबरी, मिठागरांच्या गावची.
एकसष्टाव्या पानाच्या तळाशी एक बाई
ओले हात एप्रनला पुसत दारात येते
आणि कोण आलंय ते बघते.
कोण आलंय ते पुढच्या पानावर आहे.
मी नाही उलटलं.
तिचे हात वाळू देत आधी.

मधल्या काळात बटाटे लावले.
गुडघा दाखवून आले.
मधमाश्यांवरचं एक पातळ पुस्तक मागून पुढे वाचलं.
आईची कशिद्याची वही काढली,
तिच्यात अक्षर एक नाही, नुसते टाके,
तीही आठवडाभर पुरली.

सहा वेळा कीथनं तारीख वाढवून दिली, न बोलता.
सातव्यांदा मान खाजवली.
"कुणीतरी नोंदवलंय, पेट. खोऱ्यात वर राहणारं."
नाव सांगायचं नसतं त्यानं.

राग आला. मग लाज.
मग घरी येईस्तोवर कुतूहल:
वर तर मेंढ्या आणि वारा, तिसरं कोण?
पुस्तक दिलं होतं. खूण काढायची राहिली,
राहिली की राहू दिली, कोण जाणे.
हेक्सॅमच्या बसचं तिकीट, परतीचं.

हीदर जांभळं झालं, मग तपकिरी.
दाराशी आलेल्या त्या माणसाला
मी चारदा नाव ठेवलं, चारदा बदललं.
एकदा तर तो माणूस नव्हताच,
नुसती वाऱ्यानं वाजलेली कडी.

ऑक्टोबरात कीथनं ते माझ्यापुढे सरकवलं.
माझं तिकीट एकसष्टवर, होतं तिथंच.
आणि बरंच अलीकडे, चौतिसाव्या पानात,
करड्या लोकरीचा धागा.

चार महिन्यांत चौतीस पानं!
माझ्याहूनही कुणी...
मी गाडीतच हसले, एवढ्यानं
की कीथचा चहा शिक्क्याच्या शाईवर सांडला.
"परत नोंदवलंय त्यांनी," तो पुसता पुसता म्हणाला.
"तुझं होईल तेव्हा."

घरी येऊन आधी चौतिसावं काढलं.
फेब्रुवारीत दोन मिनिटांत ओलांडलं होतं.
भांडण नाही, मरण नाही,
एक मुलगा मिठाच्या ढिगावर बसलाय,
बूट काढतोय,
आणि बुटातून समुद्र ओततोय.

खरंच की.
इथे थांबायलाच हवं होतं.

धागा जागच्या जागी ठेवला.
मग एकसष्ट.
फोन थरथरला: मावशी, एकेचाळीस. तुझी?
लिहिलं: अजून दारातच आहे.

बोट पानाच्या कोपऱ्याखाली सरकवलं.
बाईचे हात आता कोरडे होते,
आणि बाहेर, डोंगरावर,
तासभर तरी पुरेल एवढा उजेड.