सतरा तास

सभागृहाच्या दारावर फ्लेक्स लागलाय:
डॉ. त्रिशला आवटी, मटेरियल सायन्स,
दोनशे चौदा शोधनिबंध,
नऊ हजार आठशे बासष्ट सायटेशन,
एच-इंडेक्स सत्तेचाळीस.
कोपऱ्यात विश्रामबागच्या प्रिंटिंगवाल्याचा मोबाइल नंबर.

एच-इंडेक्स म्हणजे काय ते मला
त्यांच्या विद्यार्थ्यानं, मालगाव्यानं, समजावलं होतं:
मामा, समजा सत्तेचाळीस ट्रे आहेत,
प्रत्येकात निदान सत्तेचाळीस कप.
मी म्हटलं, धुणार कोण?

मी दस्तगीर मुजावर, लॅबचा मामा.
एकतीस वर्षं काचा धुतल्या.
आधी साबण, मग आम्ल, मग डिस्टिल्ड वॉटर तीनदा,
मग उजेडाकडं धरून बघायचं:
पाणी पसरलं तर काच स्वच्छ,
थेंब धरून बसलं तर कुणाचं तरी बोट अजून आहे तिच्यावर.
माझं नाव तीन लेखांत आलंय, शेवटी, आभारात.
एकदा मुजावर, एकदा मुजवार, एकदा नुसतं डी. एम.

नऊ हजारांतले अकराशे चाळीस त्या एकाच लेखाचे.
स्टीलच्या पट्टीवर चढलेला राखाडी थर,
वीज धरून ठेवणारा.
त्यात छापलंय: ऐंशी अंशांवर सतरा तास.
मग कोरियात सतरा तास. तेहरानात सतरा तास.
चीनमध्ये कुठंतरी एक पोरगं
आत्ताही गजर लावून बसलं असेल.
सतराच का, कुणी विचारलं नाही.
छापलेल्या आकड्याला कोण कारण विचारतं?

सहाच तास ठेवायचं होतं.
पाचला सुरू केलं, "अकराला बंद करून जा, मामा."
मी नऊलाच सायकल काढली.
मार्केट यार्डात भावाच्या हळदीची गाडी लागली होती,
पोती उतरवायला माणूस कमी.
अकराच्या आत येऊ म्हटलं.
आडत्याच्या ओट्यावर जरा पाठ टेकली
ती सकाळी सौद्याच्या आरोळीनंच उठली.

दहाला लॅबमध्ये आलो, नखांत हळद,
आणि मॅडम पट्टी चिमट्यात धरून खिडकीशी.
गेली नोकरी, म्हटलं.
"किती वेळ झाला?"
पाच ते दहा. सतरा, मी म्हणालो.
त्यांनी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

पण रात्री लाइट गेली होती.
हे मला दुपारी कळलं, वॉचमन वायदंड्याकडून:
भारनियमन, पंखा बंद, डासांनी फोडून खाल्लं.
तोवर मॅडम पुण्याच्या गाडीत.
मग थर मोजून झाला, मग लेख गेला,
मग छापून आला, मग पेढे,
आणि सांगायला दर वर्षी थोडा जास्तच उशीर.

तसा थर त्या उन्हाळ्यात अधूनमधून जमायचा.
भारनियमन मिटलं आणि जमेचना.
बाहेरून पत्रं यायची, आमच्याकडं भेगा पडतात.
मॅडम पाण्याला दोष द्यायच्या, रसायनाच्या कंपनीला,
एकदा तर नदीला.
मी शेजारी बीकर पुसत उभा.

आज भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला.
वह्यांचा खोका घेऊन मी पुढं,
मागनं त्या, बुके सांभाळत.
तिसऱ्या पायरीवर माझ्या तोंडून निघून गेलं.
सगळं. हळद, ओटा, वायदंडे.

त्या थांबल्या.
मी त्यांच्या चपलांकडं बघत राहिलो.
खाली रिक्षावाला हॉर्न देत होता.

बुके कठड्यावर ठेवला.
पर्समध्ये पेन शोधलं, मिळेना,
माझ्या खिशातलं काढून घेतलं.
"किती वाजता गेली होती?"
"दीडला म्हणायचा तो."
"आणि आली?"
ते वायदंड्यालाच ठाऊक.
त्याला जाऊन चार वर्षं झाली.

खोक्याच्या झाकणावर त्यांनी लिहिलं: दीड ते,
आणि पुढं जागा सोडली.
मग रिक्षावाल्याला हातानं थांब म्हणून
मला विचारलं,
"लॅबची चावी अजून तुमच्याकडंच असते ना?"