हावन

मुहर्रकच्या या गल्लीत
विमानं इतकी खाली येतात
की गच्चीवर वाळत घातलेली चादर
त्यांची चाकं दिसली की थरथरते.

पहाटे साडेपाचला मी
उम्म मुबारकच्या गोळ्या कुटते.
चार पांढऱ्या, एक गुलाबी, एक अर्धी.
गिळणं गेलंय त्यांचं, बोलणंही,
मागच्या रमजानपासून.

मिक्सर आहे घरात, चांगला जर्मन.
पण त्यात सहा गोळ्या म्हणजे
विहिरीत टाकलेली सुपारी.
म्हणून शेखानं, त्यांच्या थोरल्या सुनेनं,
फडताळाच्या तळातून हे काढून दिलं,
पितळेचं, तान्ह्या मुलाच्या वजनाचं.
"हावन," ती म्हणाली.
मी म्हटलं, "काय?"
"हावन, हावन." आणि हवेत मूठ वर-खाली केली.

देवरूखला आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात
याला हमामदस्ता म्हणायचे.
काही गिऱ्हाइकं इमामदस्ता म्हणायची,
झिलू गडी सरळ खलबत्ता.
लहानपणी मी अप्पांना विचारलं होतं,
हमाम, तर यात आंघोळ कोण करतं?
हात न थांबवता ते म्हणाले,
"सुंठ करते. चल, वस्त्रगाळ करायला बस."

अर्थ कळायला समुद्र ओलांडावा लागला,
दोन वर्षांच्या करारावर सही करावी लागली.
हावन म्हणजे उखळ.
दस्ता म्हणजे मूठ, दस्त म्हणजे हात.
हमाम नाही, इमाम नाही.
गलबतातून येताना
शब्दाला ओल लागली असणार,
आमच्या बंदरावर उतरला तो जरा सुजलेला,
आणि आम्ही त्याला तसाच घरात घेतला,
पाय धू म्हणालो, नाव नाही विचारलं.

इथे दस्त्याला यद म्हणतात.
यद म्हणजेही हातच.

रोज मी खाली नॅपकिनची घडी घालते,
घर झोपलेलं असतं.
त्या मंगळवारी नॅपकिन धुण्यात होता.
पितळ उघडं वाजलं.
आणि माझ्या हाताला, मला न विचारता,
अप्पांची सवय आठवली :
तीन घाव तळाला, एक काठाला,
चिकटलेलं खाली पडावं म्हणून.

तीन तळाला.
चौथा मी मारायच्या आत
आतल्या खोलीतून आला.
टण्.

मी थांबले. फ्रीज घरघरत होता.
पुन्हा तीन.
पुन्हा आतून एक.

उम्म मुबारक छताकडे बघत पडल्या होत्या.
डाव्या हातातली फिरोजाची अंगठी
पलंगाच्या लोखंडी कठड्याला टेकलेली.
चेहऱ्यावर काही नाही.
गुलाबी गोळीची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा.

शेखा केस न बांधताच धावत आली.
म्हणाली, या पूर्वी रोज गहवा कुटायच्या,
आवाज गेला की गल्लीतल्या बायका
चपला शोधायला लागायच्या.
त्यातली आता एकच उरलीय,
तिला ऐकू येत नाही.

वहीत हालचालींचा रकाना आहे.
आठ महिने त्यात मी फुली मारत होते.
त्या दिवशी लिहिलं : डावा हात. काठावर एक.
डॉक्टर विचारतील, याचा अर्थ काय.
विचारू देत.

हल्ली दुपारी मी नुसतीच वेलची कुटते.
औषध नसतं, पाहुणे नसतात.
भांडं कितीही घासलं तरी
सकाळच्या गोळ्यांना वेलचीचा वास येतो,
आणि त्या तोंड जरा लवकर उघडतात.

काल अप्पांना फोन लावला.
दुकान विकल्यापासून ते फार बोलत नाहीत.
मी काही सांगितलं नाही,
फोन ओट्यावर ठेवला आणि कुटत राहिले,
तीन इथले, एक आतला.
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास.
मग म्हणाले,
"भांडं रिकामं वाजतंय गं.
मूठभर काहीतरी घाल त्यात."