शून्य अर्धवट उमटतो

पहिली सूचना मीच टाइप केली, मंगळवारी,
नगरपालिकेच्या जुन्या यंत्रावर, ज्याचा शून्य अर्धवट उमटतो.
'बेटावर फ्लूचा एक रुग्ण आढळला आहे.
स्त्री, वय एकाहत्तर, पूर्वेकडील वस्ती.
गोपनीयतेच्या कारणास्तव नाव जाहीर करण्यात येत नाही.'

पूर्वेकडे घरं सहा.
एकाहत्तरची एकच, देओलिंदा.
कागदामागचा डिंक वाळायच्या आत
तिच्या उंबऱ्यावर तीन भांडी सूप येऊन बसलं
आणि तिच्या अंगणातून जाणारी पायवाट
लोकांनी गोठ्यामागून वळवली.
सूप ज्यांचं, वळसाही त्यांचाच.

दुसरी सूचना मोठ्या बेटावरून आली, फॅक्सने:
'घाबरून जाण्याचे कारण नाही.'
तोवर कुणी घाबरलं नव्हतं.
संध्याकाळपर्यंत बेल्मिरोच्या दुकानातली लिंबं संपली,
ब्लीच संपलं, मेणबत्त्यासुद्धा.
तापाला मेणबत्ती कशाला, मी विचारलं.
तो म्हणाला, मला काय ठाऊक बाई,
पण शेवटच्या दोन मीच ठेवून घेतल्या.

मग शाळा बंद. शाळेत मुलं नऊ.
नऊच्या नऊ धक्क्यावर खेकडे पकडत बसली,
एकाच बादलीत हात घालून.
मग गालाला गाल लावण्यास मनाई.
रविवारी चर्चबाहेर सगळे खिशात हात घालून उभे,
जणू प्रत्येकाच्या खिशात चोरीचं अंडं.

गुरुवारच्या बोटीने आरोग्य अधिकारी आले.
वाटेत समुद्र खवळलेला.
धक्क्यावर पाय ठेवला आणि साहेब भडाभडा ओकले.
गर्दी चार पावलं मागे.
वाश्कू ओरडला, हा आजारी आहे! परत पाठवा याला!
वीस मिनिटं आम्ही त्यांना दोरखंडापलीकडे उभं केलं,
त्यांच्याच बॅगेतलं थर्मामीटर
त्यांच्याच तोंडात.

संध्याकाळी बँडच्या हॉलमध्ये सभा.
साहेबांनी तक्ता लावला. म्हणाले,
वाईटात वाईट धरलं तरी
मृत्यूचं प्रमाण तीन टक्क्यांवर जाणार नाही.
ओरासियू उठला. चाळीस वर्षं मासळीचा हिशोब लिहिलेला माणूस.
आम्ही तीनशे अठ्ठ्याऐंशी, तो म्हणाला.
म्हणजे अकरा. वर पॉइंट चौसष्ट.
तो पॉइंटवाला कोण?

कुणी हसलं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
मान न वळवता सगळे एकमेकांकडे बघत होते,
अकरा नावं मोजत.
मीही मोजली. माझ्या यादीत सहावी आई होती.
ती शेजारीच बसलेली, ओठ हलत होते तिचे.
जप असेल.

त्या रात्री साहेबांना झोपायला कुणी खोली दिली नाही.
शेवटी देओलिंदाने दिली.

सातवी सूचना टाइप करायला मला अकरा ओळींचा मजकूर आला होता.
'परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून' अशी सुरुवात,
आणि नवव्या ओळीत: एक मृत्यू. पुरुष, वय चव्वेचाळीस.
बेटावर चव्वेचाळीसचे दोघे.
एक बोटीवर खलाशी, तो मला सकाळीच दिसला होता.
दुकानाची फळी दोन दिवस उघडली नव्हती.

मी बाकीच्या दहा ओळी गाळल्या.
लिहिलं, बेल्मिरो गेला.
वरून विचारणा झाली, खुलासा मागवला,
तो कागद अजून माझ्या खणात आहे.
गल्ल्याखालच्या दोन मेणबत्त्या त्याच्या बायकोला सापडल्या.

सव्वा महिन्याने शेवटची सूचना: नवे रुग्ण, पुढे आकडा.
लोक फलकाशी येत, बघत, पुन्हा बघत.
देओलिंदाने काठी टेकून विचारलं,
हे काय आहे? शून्य, की काहीतरी उरलंय?
मी पेन काढलं
आणि उघडी बाजू ओढून बंद केली.

ती घरी गेली, आपल्या अंगणातून.
बाकीचे अजूनही गोठ्यामागूनच जातात.
कुणी विचारलं तर म्हणतात, जवळ पडतं.